बिनमिठाचा जानेवारी

मला बसवत नाही. आजारपणावर लिहिणारी माणसं बहुतेक शांत झालेली असतात, आयुष्याकडे वेगळ्या नजरेनं वगैरे बघायला लागलेली असतात. माझं तसं काही झालेलं नाही. हे लिहायला बसल्यापासून मी तीनदा उठले आहे. एकदा वजनकाट्यावर उभी राहिले, एकदा घोट्याजवळ अंगठा दाबून खड्डा पडतो का ते पाहिलं, आणि एकदा उगाचच फ्रिज उघडून बंद केला. ज्यांना नुकतंच कळलंय की आपल्या किडन्या दमल्यात, त्यांनी माझ्याकडून शांतीची अपेक्षा ठेवू नये. आमच्या घरात काय झालं, तेवढं सांगते.

मी पारोळ्याला राहते, हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. माझे मिस्टर, म्हणजे विलासराव, बी-बियाणं आणि खतांचं दुकान चालवतात. मुलगी नाशिकला शिकते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, म्हणून मीही अक्काच म्हणते. त्या पाचोऱ्याकडच्या. तिकडे त्यांच्या भावाची, नानांची, केळीची बाग आहे. अक्कांना लिहिता-वाचता येत नाही, पण कुठल्याही घरात शिरून फोडणीच्या वासावरून त्या घरात भांडण झालंय की नाही ते सांगू शकतात.

कळलं त्या दिवशी

पाय सुजायचे. मला वाटायचं, दिवसभर फळ्यासमोर उभं राहून सुजतात. बावीस वर्षं उभीच आहे. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून दुखणं थांबवायच्या गोळ्या आणायच्या, खायच्या, पुन्हा उभं राहायचं. डॉक्टरला न विचारता त्या गोळ्या किती वर्षं खाल्ल्या हे मी इथं लिहिणार होते, पण लाज वाटते. तुम्ही खात असाल तर आजच बंद करा आणि डॉक्टरला विचारा.

दसऱ्यानंतर चप्पल पायात जाईना, तेव्हा रक्त तपासलं. पारोळ्याच्या डॉक्टरांनी कागद पाहून धुळ्याला पाठवलं. धुळ्याच्या डॉक्टर मॅडम माझ्यापेक्षा वयानं लहान. त्या म्हणाल्या, "दोन्ही किडन्या निम्म्याहून कमी काम करतायत."

मी विचारलं, "बऱ्या किती दिवसांत होतील?"

"मॅडम, 'बरं होणं' हा शब्द आपण सोडून देऊ. 'टिकवणं' म्हणू."

वर्गात मी पोरांना शब्द बदलून देते. इथं माझाच शब्द खोडला गेला. मला इतका राग आला की पुढचं काहीच ऐकू आलं नाही. मिस्टर ऐकत होते आणि मान डोलवत होते, दुकानात शेतकरी पिकावरची कीड सांगत असताना डोलवतात तशी. बाहेर पडून आम्ही धुळ्याच्या स्टँडवर गाडीची वाट बघत दोन-दोन केळी खाल्ली. पोट रिकामं होतं आणि बोलायला काही नव्हतं. आहाराचा कागद पर्समध्ये घडी घालून ठेवला होता, तो घरी येऊन उघडला. त्यात पहिलीच ओळ केळ्याची होती.

दोन महिने असेच गेले, थोडं पाळत, बरंचसं मोडत. डिसेंबरात भरताचा मोसम. शेताशेतात कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजली जातात आणि एकाही घरचं आमंत्रण मोडता येत नाही. मी गेले, खाल्लं, वर ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ठेचाही खाल्ला. डिसेंबरअखेरच्या तपासणीत आकडे आणखी खाली घसरलेले. डॉक्टर मॅडमनी माझा डावा हात धरून मनगटाची शीर चाचपली आणि म्हणाल्या, "मार्चपर्यंत बघू. असंच घसरत राहिलं तर इथं एक छोटी शस्त्रक्रिया करून शीर तयार ठेवावी लागेल. पुढं डायलिसिसला लागेल."

तेव्हापासून मी त्या मनगटावर घड्याळ घालत नाही. बांगडीही काढून ठेवली. असं करण्यात काही अर्थ नाही हे मला कळतं, पण हात मोकळा लागतो.

यादी

एकतीस डिसेंबरला सकाळी मी वहीचं पान फाडून नवीन वर्षाचे नियम लिहिले. शिक्षिकेचा आजार दुसरा काय असणार. मीठ पूर्ण बंद. पापड, लोणचं, शेव, बिबड्या बंद. बाहेरची शेवभाजी बंद, आमंत्रणं बंद, जेवण फक्त घरचं. केळी, नारळपाणी, टोमॅटो बंद. भाजी बारीक चिरून कोमट पाण्यात दोन तास भिजवायची, ते पाणी फेकायचं, मग शिजवायची, तेही पाणी फेकायचं. डाळ मोजून. पाणी मोजून. माझ्या नावाचं वेगळं पातेलं.

मिस्टरांनी यादी वाचली आणि म्हणाले, "मग खायचं काय, पातेलं?"

मी हसले नाही. ती यादी मी फ्रिजवर चिकटवली आणि अक्कांना वाचून दाखवली. त्या भाकरी थापत होत्या. भाजीचं पाणी फेकायचं म्हटल्यावर त्यांचा हात थांबला. "म्हंजे भाजीना जीव फेकी देवाना आनि चोथा खावाना," त्या म्हणाल्या. त्यांनी ते अगदी बरोबर सांगितलं होतं. मी शाळेत यापेक्षा चांगलं समजावू शकले नसते.

सकाळी माझी शाळा, म्हणून माझं पातेलं अक्काच करणार असं ठरलं. पहिले आठ दिवस फार वाईट गेले. बिनमिठाचं वरण तोंडात घोळतं पण गिळवत नाही. भाकरी म्हणजे नुसतं पीठ. मी चिडचिड करायचे, ताट सरकवायचे, मग उठून अंगणात फेऱ्या मारायचे. मिस्टर त्यांच्या ताटातली मिरची लपवून खायचे आणि मला ते दिसायचं. डॉक्टर मॅडम म्हणाल्या होत्या, पंधरा-वीस दिवस कळ काढा, जिभेला सवय होते.

आणि खरोखरच झाली. संक्रांतीच्या आसपास एक दिवस वरण गोड लागलं. दुसऱ्या दिवशी भाकरीही. भाजीला काहीतरी खमंग, किंचित खारट चव लागायला लागली, जशी असायला हवी तशी. मी दोन घास जास्त खाल्ले. अक्का समोर बसून बघत होत्या आणि त्यांचा चेहरा फुलला होता. मला वाटलं, माझ्या चिकाटीचं कौतुक वाटतंय त्यांना.

मग मी जी काही मिरवले, ती विचारू नका. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, मीठ ही निव्वळ सवय आहे हो, मनानं घेतलं की सुटते. हळदीकुंकवाला बायकांना सांगितलं. धुळ्याला तपासणीला गेले तर बाकावर बसलेल्या एका बाईंना, ज्यांना कालच कळलं होतं आणि ज्या रडत होत्या, त्यांना मी वीस मिनिटं जिभेचं शास्त्र समजावलं. त्या बाई आता कुठं असतील, याचा विचार आला की मी पुन्हा उठून फेरी मारून येते.

फळ्यासमोर

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, नववीच्या वर्गात, तिसऱ्या तासाला मी फळ्यावर लिहीत होते आणि हातातून खडू पडला. तो उचलायला वाकले तर पाय माझे नव्हतेच. दुखत नव्हते, नुसते जड, ओल्या वाळूच्या पोत्यांसारखे. छातीत काहीतरी मध्येच थांबून मग धावत होतं. मुलींनी खुर्ची आणली. मी त्यांना म्हटलं, वही काढा आणि धडा वाचा. एवढं बोलायची मला शुद्ध होती, याचा मला अजून अभिमान आहे.

मिस्टरांनी दुकान तसंच टाकून मला धुळ्याला नेलं. हृदयाचा आलेख पाहून डॉक्टर मॅडमचा चेहरा बदलला आणि सिस्टर भराभर पळायला लागल्या. रक्तातलं पोटॅशियम, ज्याच्यासाठी केळी बंद होती ते, भलतंच वाढलं होतं. इंजेक्शनं, सलाईन, एक घाणेरडी पूड पाण्यातून. मानेच्या शिरेत नळी घालून तातडीचं डायलिसिस करावं लागेल म्हणून मिस्टरांची सही घेऊन ठेवली. त्यांनी सही केली आणि कागदाकडे बघत बसले.

संध्याकाळपर्यंत आकडा उतरायला लागला. नळी टळली. मी पाच दिवस त्या वॉर्डात होते. तिथलं जगणं म्हणजे वाट बघणं. सकाळी रक्त, मग आकड्याची वाट, मग डॉक्टरांची वाट. पाणी दिवसाला चार पेले. एक मावशी होत्या, त्यांनी मला पेल्यातलं पाणी बर्फ करून चघळायला दिलं आणि न विचारता माझी वेणी घातली. वेणी घालताना मी पहिल्यांदा रडले, कारण तोपर्यंत सगळ्यांनी माझ्या अंगाला फक्त सुईनंच हात लावला होता.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर मॅडमनी विचारलं, "काय खाल्लं होतं? खरं सांगा. केळी? नारळपाणी? कोणी काढा वगैरे दिला?"

"काहीच नाही. यादीबाहेरचा एक कण नाही."

"असं होत नाही, मॅडम."

त्या गेल्यावर मिस्टर खाटेजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, "शाळेत खाल्लं असशील. त्यात काय, माणूस आहे. पण त्यांच्याशी तरी खोटं बोलू नकोस."

 चोवीस वर्षांच्या संसारात मी भांडखोर होते, हट्टी होते, हे मला मान्य आहे. पण चोरून खाणारी? महिनाभर एक-एक नियम पाळला होता मी. मला बोलायचं होतं, पण छातीला चिकटवलेल्या तारांचं यंत्र बीप-बीप वाजायला लागलं आणि सिस्टर धावत आल्या. त्यांनी मिस्टरांनाच बाहेर काढलं, हे त्यातल्या त्यात बरं झालं.

डबा

दवाखान्याचं जेवण बिनमिठाचं असायचं. पहिला घास घेतला आणि परत तेच, नुसतं पीठ, नुसतं पिवळं पाणी. मला नवल वाटलं. माझ्या जिभेला तर सवय झाली होती ना? तिसऱ्या दिवशीही तीच गत. चौथ्या दिवशी दुपारी मिस्टर घरून डबा घेऊन आले. सिस्टरला विचारलं तर ती म्हणाली, बिनमिठाचा असेल तर दोन घास खा. मी वरणाचा घास घेतला आणि तो गोड लागला. घरच्यासारखा, खमंग, किंचित खारट.

मी घास तसाच तोंडात धरून बसले. विज्ञानाच्या बाईला एवढं तर कळायला हवं की जीभ खाटेवरून घरी आणि घरून खाटेवर अशी बदलत नसते. एकाच जिभेला एक वरण फिकं आणि दुसरं गोड लागत असेल तर फरक वरणात आहे. मी घास कागदात थुंकला. मिस्टर औषधं आणायला खाली गेले होते. मी अक्कांना फोन लावला.

"अक्का, माझ्या वरणात तुम्ही काय घालता?"

"मीठनं नाव नही त्यामा," त्या लगेच म्हणाल्या. "तुन्ही शप्पथ."

"मीठ नाही. दुसरं काही?"

त्यांच्या आवाजात हसू आलं. "खार टाकस नं, केळीना. मन्ही माय करे तसा. तू काही खाये नही, मंग नानाकडथून खुंट मांगाडात, वाळाडात, जाळात. राखनं पाणी गाळीसन आटाडं. मीठ नही ते. तुले गोड लागस ना?"

त्यांच्या माहेरी पूर्वी पापडाला बाजारचा खार आणत नसत. केळीची वाळलेली खुंटं जाळून, राखेचं पाणी गाळून, आटवून घरीच खार काढत. मीठ चालत नाही म्हटल्यावर अक्कांना तो आठवला. साठ वर्षांत त्यांनी तो केला नव्हता. माझ्यासाठी केला, आणि माझ्या भाकरीत, वरणात, भाजीत, रोज दोन्ही वेळा चिमूट-चिमूट घातला.

केळी जमिनीतून पोटॅश, म्हणजे पोटॅशियमच, उपसते. हे मला कोणी सांगायची गरज नाही. नानांच्या बागेला लागणारी पोटॅशची पोती आमच्याच दुकानातून जातात. त्या केळीची राख म्हणजे निव्वळ पोटॅश. यादीत मी केळं लिहिलं होतं, खुंट कसं सुचणार? आणि अक्कांनी तरी मला केळं कुठं खाऊ घातलं होतं?

"बोल नं," अक्का फोनवर म्हणत होत्या. "गोड लागस ना?"

माझ्या हातात माझ्या निर्दोषपणाचा पुरावा होता. मिस्टर जिना चढत होते, त्यांच्या चपलेचा आवाज मला ओळखू येतो. मी त्यांना सांगणार, ते शरमणार, मी जिंकणार. आणि मग ते घरी जाऊन आईला सांगणार, की तिच्या हातून सून मरता मरता वाचली.

"गोड लागतं, अक्का," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

मिस्टर आत आले. मी त्यांना म्हटलं, "तुमचं बरोबर आहे. शाळेत केळी खाल्ली मी. रोज. नारळपाणीसुद्धा."

 त्यांनी डब्याचं झाकण लावलं. ते रागावले असते तर बरं वाटलं असतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसली. कारण सापडलं होतं.

डॉक्टर मॅडमना मात्र मी एकटी असताना खरं सांगितलं. त्यांनी ते लिहून घेतलं, दोनदा खाराची कृती विचारली आणि म्हणाल्या, "घरी सांगा. आजच सांगा." मी हो म्हटलं.

चोर

मी सांगितलं नाही. घरी आल्यावर जाहीर केलं की डॉक्टरांनी माझं मीच रांधायला सांगितलंय, मोजून-मापून. अक्कांना ते लागलं. चाळीस वर्षं त्या चुलीच्या मालकीण. "मन्हं काही चुकनं का?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, छे हो, डॉक्टरांचा नियम. त्यानंतर मी माझं फिकं वरण उभ्या-उभ्या गिळायचे आणि त्या दारात बसून लांबूनच माझ्या ताटाकडे बघायच्या.

मिस्टर आता माझ्यावर नजर ठेवायला लागले. दुपारी शाळेत फोन यायचा, काय खाल्लंस. आमच्या शिपाईकाकांनाही त्यांनी सांगून ठेवलं होतं, बाईंना केळी आणून देऊ नका. ते मला काकांनीच संकोचून सांगितलं. मुलगी नाशिकहून फोनवर म्हणाली, "आई, माझ्यासाठी तरी." एका घरात मी चोर होते आणि ज्यांच्यासाठी चोर झाले त्यांच्याशीही धड बोलत नव्हते. बसवत नसे, झोपवत नसे. वर्गात मी पोरांवर विनाकारण खेकसायचे. दर संध्याकाळी गावातल्या किल्ल्याच्या खंदकापर्यंत तरातरा चालत जायचे आणि परत यायचे, आणि घरात शिरताना ठरवायचे की आज सांगू. मग अक्का दारात दिसायच्या आणि मी सरळ आत जाऊन माझं पातेलं चढवायचे.

आजारपणात घरच्यांना जपावं, असं मीच इतरांना सांगितलं असतं. ते करताना आतून इतकं नासायला होतं, हे मला माहीत नव्हतं.

फेब्रुवारीच्या शेवटी, एका रविवारी सकाळी, मी भाजी भिजवत होते. अक्का अंगणात एक स्टीलची डबी फडक्यात बांधत होत्या. मी विचारलं, काय बांधताय.

"खार," त्या म्हणाल्या. "नानाले धाडी देस. त्यानाबी किडनीना कागद खराब उना. डाक्टरनी मीठ बंद करं. काल फोनवर रडे बिचारा, घास उतरत नही म्हने. दुपारनी गाडीवर कोणी जाणारं शे, त्यानाजोडे देसू."

माझ्या हातातली भाजी पाण्यात पडली.

"अक्का, तो खार नानांना नका पाठवू."

"काबर?"

मी ओल्या हातानं त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा बसले असेन. आणि सांगितलं. केळी, पोटॅश, राख, माझे पाय, फळा, नळी. सोपं करून सांगितलं, पण काही वगळलं नाही. त्या ऐकत होत्या. हात डबीच्या गाठीवर तसेच होते.

त्यांनी विचारलं, "तुले कव्हय समजनं?"

"दवाखान्यात. तुम्हाला फोन केला तेव्हा."

त्यांनी बोटांवर मोजलं. "म्हंजे महिना व्हई गया." मग म्हणाल्या, "आनि विलास तुले चोर म्हने, ते तू आयकी लिधं. मन्हासाठे."

मी मान हलवली. मला वाटलं आता त्या रडतील आणि मी त्यांना जवळ घेईन. मी त्याची तयारीही केली होती.

"मी काय काचनी शे का वं?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "एक लेकरू मन्हा हातमा गयं. तरी दुसरा दिन चूल पेटाडी मी. मन्ही चूक माले सोसती नही, हाई तुले कोनी सांगं?" आणि मग, डबीकडे बघत, "मन्हा भाऊले काही व्हई जातं ते?"

 मी त्यांना जपत होते असं मी समजत होते. खरं म्हणजे त्यांच्या रडण्याला तोंड द्यायची माझी छाती नव्हती, म्हणून मी त्यांना लहान मूल करून टाकलं होतं. आणि त्यापायी नानांचा जीव एका दुपारच्या गाडीवर आला होता.

अक्का उठल्या. डबी मोरीत रिकामी केली आणि वर बादलीभर पाणी ओतलं. मिस्टर दुकानातून जेवायला आले, हात धुऊन ताटावर बसले. अक्का त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या.

"विलास, सुनबाईनी केळं नही खादं. मन्हा खारनं व्हयनं हाई बठ्ठं. तिनी मन्ही चूक आपला अंगवर लिधी."

मिस्टरांचा घास हातात राहिला. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मग तू बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलं नव्हतं," मी म्हटलं. "तुम्ही सांगितलं होतं, की मी खाल्लं म्हणून."

ते त्या दिवशी जेवले नाहीत. दुपारी शाळेच्या शिपाईकाकांना फोन करताना मी त्यांना ऐकलं. "माझी चूक झाली, मॅडमनी काही खाल्लं नव्हतं," असं ते दोनदा म्हणाले. माझी माफी त्यांनी अजून शब्दांत मागितलेली नाही, पण मिरची आता उघडपणे खातात, लपवत नाहीत. त्यांच्या परीनं तो विश्वासच असावा. नानांना अक्कांनी स्वतः फोन करून सगळं सांगितलं, काही न झाकता.

आता

मार्चची तपासणी झाली. आकडे वर आले नाहीत, पण आणखी खालीही गेले नाहीत. डॉक्टर मॅडमनी माझं मनगट पुन्हा चाचपलं आणि म्हणाल्या, "जूनमध्ये बघू." तेवढंच. धुळ्याहून परतताना मी गाडीत सगळा वेळ खिडकीशी उभीच होते, जागा असूनही.

फ्रिजवरची यादी मी काढली नाही, पण एक ओळ वाढवली आहे. घरात कोणी काहीही नवीन घातलं, मग ते पाला असो, राख असो, काढा असो की प्रसाद, ते बोलायचं. माझ्यासारखं कोणी हे वाचत असेल तर त्यांनी हीच ओळ आधी लिहावी. मीठ, केळी, भिजवलेल्या भाज्या हे दवाखान्याच्या कागदावर असतंच. घरातल्या प्रेमळ माणसाच्या हातात काय आहे, ते कुठल्याच कागदावर नसतं.

अक्का मात्र त्या रविवारनंतर स्वयंपाकघरात पाऊल टाकेनात. कपडे वाळत घालायच्या, धान्य निवडायच्या, पण चुलीपाशी यायच्या नाहीत. धुळ्याहून आले त्या संध्याकाळी मी त्यांना म्हटलं, "अक्का, माझं वरण आज तुम्ही टाका."

"मी नही टाकस. मन्हा हातवर आते मन्हाच भरोसा नही."

"मी शेजारी उभी राहते. डाळ, हळद, जिरं, लसूण. बाकी काही नाही."

त्या उठायला तयार नव्हत्या. मी तिथंच फेऱ्या मारत राहिले, दारातून ओट्यापर्यंत आणि ओट्यापासून दारापर्यंत, शेवटी माझ्या फेऱ्यांना कंटाळून त्या उठल्या. डाळ धुतली. प्रत्येक गोष्ट डब्यातून काढताना माझ्याकडे धरायच्या आणि विचारायच्या, "हाई चालस का?" हळद चालते, अक्का. जिरं चालतं. ज्या बाईनं आयुष्यभर कोणाला न विचारता शंभर-शंभर माणसांचा स्वयंपाक केला, ती मला लसणाची पाकळी दाखवून विचारत होती, आणि मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

वरण झालं. त्यांनी मला वाढलं आणि नेहमीसारख्या समोर बसल्या. मी घास घेतला.

"कसं लागस?"

त्यांच्या हातच्या जेवणाला आमच्या घरात आजवर कोणी वाईट म्हटलेलं नाही. मीही चोवीस वर्षांत नाही.

"फिकं आहे, अक्का," मी म्हटलं. "अजिबात चव नाही."

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे सैल झाले.

"आते खरं बोलनी," त्या म्हणाल्या, आणि माझ्या पातेल्यातलं तेच वरण त्यांनी आपल्या ताटात वाढून घेतलं.